विषय : नारळाबाबत खुलासा मिळणेविषयी

तात्यारावांनी परिपत्रक शेवटपर्यंत वाचलं, आणि तिथूनच सगळ्या घोटाळ्याला सुरुवात झाली.

परिपत्रक वाचायचं नसतं. ते सूचनाफलकावर लावायचं असतं, त्याच्यासमोर चार दिवस उभं राहून उन्हाळ्याबद्दल बोलायचं असतं आणि पाचव्या दिवशी त्याच्यावर एसी दुरुस्तीवाल्याची जाहिरात चिकटलेली बघायची असते. फरीदाबादच्या त्या केंद्र सरकारी वसाहतीतल्या दोनशे चाळीस क्वार्टरांपैकी दोनशे एकोणचाळीस क्वार्टरांना हे ठाऊक होतं. उरलेलं क्वार्टर तात्यारावांच्या मुलाचं, श्रीरंगचं.

यात तात्यारावांचा दोष तसा नव्हता. पाटबंधारे खात्यात शिपाई म्हणून लागल्यापासून सदतीस वर्षांचे होईपर्यंत त्यांनी फायली नुसत्या वजनावर ओळखल्या होत्या. मग श्रीरंग दुसरीत गेला आणि शाळेत जे शिकला ते त्याने रोज घरी येऊन बापाला शिकवलं, चुकलं तर बापाच्या हातावर पट्टीसुद्धा मारली. तेव्हापासून तात्यारावांच्या समोर आलेलं एकही अक्षर न वाचता सुटलेलं नाही. बिस्किटाच्या पुड्यावरचा पत्ता, औषधाबरोबरचा घडीचा कागद, रिक्षाच्या पाठीवरचा शेर, सगळं ते वाचत. छापलेलं खोटं असू शकतं ही गोष्ट त्यांना अजून कोणी नीट पटवून दिली नव्हती. छापलेलं असून कोणीच पाळत नाही, ही गोष्ट तर त्यांच्या ध्यानातच येत नसे.

परिपत्रक होतं वाचनालयाबद्दल. वसाहतीतला जुना दवाखाना दुसरीकडे गेला आणि त्याची खोली रिकामी पडली, तेव्हा ती वाचनालयासाठी मिळावी म्हणून तात्यारावांनी दोन वर्षांत एकोणीस अर्ज केले होते. खोली मिळाली. चुना झाला, टेबलं आली, पंखा फिरू लागला. कुपवाडहून मामाकडे राहून यूपीएससीचा अभ्यास करणारी मुबीना शिकलगार आणि तिच्यासारखी आणखी सात-आठ मुलं-मुली तिथे सकाळपासून बसूही लागली. राहिलं होतं ते फक्त उद्घाटन. त्यासाठी कर्मचारी कल्याण शाखेच्या संचालक चेतना मॅडम येणार होत्या, आणि त्यांच्या येण्याआधी त्यांचं परिपत्रक आलं. सरकारी जागेतल्या सरकारी समारंभात कोणत्याही धर्माचा विधी होऊ नये, अशी त्यात सूचना होती. सहा कलमं. सहावं कलम अल्पोपाहाराचं.

तात्यारावांना ते परिपत्रक फार आवडलं. त्यांच्या जुन्या खात्यात पंपघराचं उद्घाटन झालं होतं, तेव्हा आत साहेब पूजेला बसले होते आणि तात्याराव दाराबाहेर सगळ्यांच्या चपला सांभाळत उभे होते. प्रसाद त्यांना वरून टाकला होता, हाताला हात लागू नये म्हणून. पंपघर सरकारचं, पगार सरकारचा, मग आपण बाहेर का, हा प्रश्न त्यांना तेव्हा लिहिता येत नव्हता. आता कोणीतरी न विचारताच उत्तर पाठवलं होतं.

इथेच ते थांबले असते तर ही गोष्ट घडलीच नसती. पण घरी आल्यावर भीमाबाईंनी विचारलं, "मग नारळ?"

भीमाबाईंनी वाचनालयाच्या नावाने एक नारळ केव्हाच आणून ठेवला होता. तो पिठाच्या डब्यावर शेंडी वर करून बसला होता.

"नारळ नाही," तात्याराव म्हणाले. "कलम दोन. विधी नको."

"विधी कुठे करतेय? नारळ फोडणार. नारळाचा काय धर्म? फोडला की पाणी निघतं, कोणीही प्यावं."

मुद्दा बिनतोड होता. कलम दोनमध्ये नारळाचं नाव नव्हतं. तात्याराव टेबलाशी बसले, चष्मा लावला आणि त्यांनी कल्याण शाखेला पत्र लिहिलं. लिहिताना एकातून एक निघत गेलं. न फोडलेला नारळ हे फळ मानावं की पूजासाहित्य? समई चालत नसेल, पण ऐन वेळी वीज गेल्यास मेणबत्ती चालेल का? रांगोळी नुसत्या ठिपक्यांची असल्यास हरकत आहे काय? अशा सतरा शंका झाल्या. सतरावी होती: "टाळ्या वाजवताना उपस्थितांपैकी कोणाच्या तोंडून चुकून देवाचं नाव निघाल्यास जबाबदारी कोणाची धरावी?"

पत्र रजिस्टर्ड पोस्टाने गेलं. तात्यारावांना रात्री छान झोप लागली.

नवव्या दिवशी एक माणूस स्कूटरवर आला, त्याने मुबीनाला आणि बाकीच्या मुलांना बाहेर काढलं, दाराला कुलूप लावलं आणि कागद चिकटवला. "एक नागरिक की ओर से उठाई गई आपत्तियाँ विचाराधीन हैं. निर्णय होने तक कक्ष बंद रहेगा."

"लेखी विचारलंत?" श्रीरंगच्या हातातला डबा तसाच राहिला. मंत्रालयात एकवीस वर्षं काढलेला माणूस, पण त्याचा आवाज फाटला. "बाबा, लेखी? अहो, फोन करायचा. नाही तर करायचं आणि गप्प बसायचं. सरकारला लेखी प्रश्न विचारला की लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि लेखी उत्तरावर सही करायला लागते! सही कोण करणार नारळावर?"

"पण परिपत्रकात लिहिलंय, शंका असल्यास संपर्क साधावा."

"ते लिहायचं असतं, बाबा!" श्रीरंग कपाळाला हात लावून खाली बसला. "चूक माझीच आहे. मीच वाचायला शिकवलं."

हे वाक्य तात्यारावांना लागलं. ते दोन दिवस मुलाशी बोलले नाहीत आणि निषेध म्हणून वर्तमानपत्राची फक्त चित्रं बघत बसले.

पण खरी बोच वेगळीच होती. श्रीरंगची बदली गुवाहाटीला झाली होती. तीस एप्रिलला क्वार्टर सोडायचं, सून आणि नातवंडं त्याच्याबरोबर जाणार, म्हातारा-म्हातारी गावाकडे. आणि तात्यारावांनी भीमाबाईंना एक शब्द दिला होता. भीमाबाईंना अक्षर येत नव्हतं. घरात शिकवतो म्हटलं तर त्यांना सुनेसमोर पाटी घेऊन बसायची लाज वाटे. "तुमची ती खोली होऊ दे," त्या म्हणत. "तिथं सगळेच खाली मान घालून बसलेले असतात. त्यांच्यात मी पण बसेन. कोणाला कळायचं नाही." दोन वर्षांत एकोणीस अर्ज कशासाठी केले, हे तात्यारावांनी कोणाला सांगितलं नव्हतं. आता मार्च संपत आला होता, आणि खोलीला त्यांच्याच पत्राचं कुलूप होतं.

वसाहतीने हा काळ सल्ले देण्यात घालवला. रहिवासी संघाच्या सचिव विजयालक्ष्मी मॅडम दुसऱ्या मजल्यावरून रोज विचारत, "अंकलजी, नारियल का कुछ आया?" समोरचे विश्वास परेरा वसईचे, कस्टम्सचे निवृत्त अधिकारी. ते संध्याकाळी कॉफी घेऊन येत आणि तोडगा सांगत.

"तात्या, ऐका. सगळ्यांना घ्यायचं. तुमचा नारळ, माझी मुलगी गिटारवर एक प्रार्थना म्हणेल, मुबीनाचे मामा दोन ओळी म्हणतील, सरदारजींकडून कडा प्रसाद. सर्वधर्म! सरकारला सर्वधर्म फार आवडतो."

"परिपत्रकात 'कोणत्याही' लिहिलंय, परेरासाहेब. 'सगळ्या' नाही लिहिलेलं."

"अहो, पण सगळे आले की कोणी कोणाला नावं ठेवत नाही."

"आणि आधी कोण म्हणणार?"

परेरांनी कॉफी संपवली. आधी कोण म्हणणार हा प्रश्न संघाच्या बैठकीत ठेवायचं ठरलं. ती बैठक पावणेतीन तास चालली. तिच्यानंतर सरदारजी आणि तीन नंबरचे मिश्राजी दूध आणायला वेगवेगळ्या वाटांनी जाऊ लागले. सर्वधर्माचा विषय तिथेच मिटला.

मुबीना मात्र चिडली नाही, आणि तात्यारावांना तेच सहन होईना. ती आता जिन्याखाली, विजेच्या मीटरांच्या डब्यांसमोर खुर्ची टाकून वाचत बसायची. एकदा ते तिच्यासाठी ताकाचं भांडं घेऊन गेले आणि नुसतेच उभे राहिले.

"आजोबा, बसा ना. अपराध्यासारखे काय उभे राहता?"

"माझ्यामुळे तुझी खोली गेली, बाई."

"गेली तर गेली. पण तुमच्या सतरा शंका मी वाचल्या हां. मामांनी झेरॉक्स आणली होती. शेवटची वाचून मी इतकी हसले की वरच्या काकू बघायला आल्या." मग तिने पुस्तक मिटलं. "एक सांगू? आमच्या कॉलेजात कार्यक्रम असला की मी मुद्दाम दहा मिनिटं उशिरा जायचे. आधीचं आटपू दे म्हणून. कोणी काही म्हणायचं नाही, पण हात जोडावे की नुसतं उभं राहावं, ते कळायचं नाही. इथे वेळेवर येईन म्हणते."

तात्याराव घरी आले आणि त्यांनी विसावा अर्ज लिहिला. त्यात एकही शंका नव्हती. 'सर्व शंका मागे घेत आहे, कृपया खोली उघडावी,' एवढंच.

उत्तर चौदा एप्रिलनंतर आलं. सतरा शंकांना मिळून एकच ओळ होती: "संदर्भित परिपत्रकाचे अवलोकन करावे." म्हणजे ज्या कागदामुळे शंका आल्या, तोच कागद पुन्हा वाचावा. तात्यारावांनी तो पुन्हा वाचला, शेवटपर्यंत. खाली मात्र पेनाने लिहिलं होतं, 'संचालक महोदया शुक्रवार ११ बजे स्वयं पधारेंगी.'

"शुक्रवार ग्यारह बजे?" विजयालक्ष्मी मॅडमनी गॅलरीतूनच हात कपाळाला लावला. "साढ़े दस से बारह राहुकाल है, अंकलजी! हमारे यहाँ तो उस टाइम गैस सिलिंडर भी नहीं बदलते."

"मॅडम, राहुकाल भी किसी धर्म का ही होगा ना?"

"वो धर्म नहीं है, वो टाइम है!"

मुबीनाच्या मामांनी एवढंच विचारलं, की साडेबारापर्यंत आटपेल ना, जुम्मा आहे. तात्यारावांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि अकराच कायम ठेवले. त्या दिवसापासून गॅलरीतून नारळाची चौकशी होणं थांबलं.

मग रिबन. तात्याराव बाजारात गेले आणि दुकानदाराने रंग दाखवले. भगवा उघडच नको. हिरवा नको. निळ्यावर कोणीतरी बोललं असतं, पांढरा परेरांकडच्या लग्नात असतो, पिवळी हळदीची. लाल तर कुंकवाचीच. काळी धरली तेव्हा दुकानदारच म्हणाला, "बाबूजी, उद्घाटन है या तेरहवीं?" तात्याराव हात हलवत परत आले. जगातले सगळे रंग कोणी ना कोणी आधीच घेऊन ठेवलेत, हे त्यांना एकाहत्तराव्या वर्षी कळलं.

बांधाबांध सुरू होती. भीमाबाई जुनी ट्रंक उपसत होत्या. तळाशी त्यांना एक गुंडाळी सापडली. फायली बांधायची फीत. निवृत्तीच्या दिवशी दप्तरातल्या लोकांनी तात्यारावांना आठवण म्हणून दिलेली. कधीकाळी लाल असावी. आता तिचा रंग मातीचाही नव्हता, विटेचाही नव्हता.

"ही चालेल का बघा तुमच्या सरकारला," भीमाबाई फणकाऱ्याने म्हणाल्या.

तात्यारावांनी फीत उजेडात धरली. "भीमे, ही सरकारचीच आहे. हिला दुसरा धर्मच नाही."

त्यांचा चेहरा बघून भीमाबाई हसल्या, पण तेवढ्यापुरत्याच. पिठाच्या डब्यावरचा नारळ अजून तसाच बसला होता, आणि त्यांचं त्याच्याकडे बघणं तात्यारावांना दिसत होतं. देवाचं नाव न घेता अक्षराला हात लावायचा, हे भीमाबाईंच्या मनाला पटत नव्हतं. त्या वाद घालत नव्हत्या, हेच वाईट. "येईन हो मी," एवढंच म्हणाल्या. "तुमची सरकारी खोली."

शुक्रवारी सगळं व्यवस्थित सुरू झालं, म्हणजे चेतना मॅडम चाळीस मिनिटं उशिरा आल्या. तोपर्यंत विजयालक्ष्मी मॅडम दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होत्या. बारा वाजायची वाट बघत आहेत हे सगळ्यांना कळत होतं. आणखी एक गोष्ट झाली. आत जायला कोणाला परवानगी नव्हती, पण फळ्यावर 'वाचनालय' लिहिलेलं बघून आलेल्या प्रत्येकाने सवयीने चपला काढल्या. सरदारजींनी, परेरांनी, मुबीनाने, तिच्या मामांनी. व्हरांड्यात तीस जोड्या झाल्या. अनवाणी होणं हा विधी की स्वच्छता? ही अठरावी शंका तात्यारावांना सुचलीच नव्हती! ते लोकांना म्हणू लागले, "घाला, घाला, चपला घाला." कोणी ऐकेना.

मॅडमची गाडी थांबली. पन्नाशीच्या, थकलेल्या, हातात दोन फोन. त्यांनी चपलांची रांग बघितली आणि काही न बोलता आपले बूट काढले. त्यांच्या डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. सगळी वसाहत एका क्षणात आभाळाकडे बघू लागली.

"कैंची?" मॅडम म्हणाल्या.

कात्री कोणी आणलीच नव्हती. संघाला वाटलं तात्याराव आणतील, तात्यारावांना कात्री लागणार हे माहीतच नव्हतं. ते पुढे आले. "मॅडम, फाइल की फीत काटते नहीं. खोलते हैं. ये सिरा खींचिए."

मॅडमनी टोक ओढलं. दप्तराची ती गाठ, जी तात्यारावांनी तीस वर्षं रोज मारली आणि सोडली होती, एका ओढीत सुटली. फीत खाली पडली. दार उघडलं. मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "इतनी आसानी से तो हमारे यहाँ कोई फाइल नहीं खुली."

टाळ्या झाल्या. कोणाच्याही तोंडून देवाचं नाव निघालं नाही, फक्त परेरांचा फोन वाजला आणि त्यात चर्चची घंटा होती.

आणि मग सगळे आत येऊन उभे राहिले आणि कोणालाच पुढे काय ते कळेना. या जागी नेहमी काहीतरी होत असतं. कोणीतरी ओवाळतं, कोणीतरी म्हणतं, उदबत्तीचा धूर होतो आणि त्या धुरात सुरुवात होऊन जाते. इथे नुसता पंखा फिरत होता. तीस माणसं अनवाणी उभी होती. मॅडमनी तात्यारावांकडे बघितलं. तात्यारावांना परिपत्रक पाठ होतं. काय करू नये याची पाच कलमं होती त्यात, आणि सहावं अल्पोपाहाराचं. काय करावं याचं एकही नव्हतं.

दोन वर्षं, वीस अर्ज, आणि आता आपल्यामुळे ही खोली मुकी उघडतेय, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात मागून भीमाबाई आल्या. पदर नीट केला, कोणाकडेही न बघता पहिल्या टेबलाशी गेल्या आणि खुर्चीवर बसल्या. पिशवीतून पाटी काढली. नातवाची, कोपरा फुटलेली.

"शिकवणार म्हणाला होतात ना?" त्या हळू म्हणाल्या, पण पंख्याखाली ते सगळ्यांना ऐकू गेलं. "तेरा दिवस राहिलेत. उभे काय राहिलात?"

तात्याराव शेजारी बसले. त्यांनी पेन्सिल धरली आणि पुन्हा अडले. त्यांच्या गावात पाटीवर पहिलं अक्षर 'श्री' काढतात. त्यांनी मॅडमकडे बघितलं, मग पाटीकडे, मग पुन्हा मॅडमकडे.

"माझ्या नावाचं काढू की तुझ्या?" भलतंच काहीतरी पुटपुटून त्यांनी शेवटी विचारलं.

"माझ्या. तुमचं काय करायचंय मला?"

मुबीना खुदकन हसली. तात्यारावांनी 'भी' काढून दिला. भीमाबाईंनी पेन्सिल मुठीत धरली, जशी उलथनी धरतात, आणि त्याच्यावरून गिरवलं. वेलांटी खाली घसरली आणि फुटक्या कोपऱ्यातून बाहेर गेली. तीस माणसं माना उंचावून बघत होती. सुनेने डोळ्यांना रुमाल लावला आणि सासूला लाज वाटू नये म्हणून तोंड फिरवलं.

मग भीमाबाईंनी पाटी उचलली, डोळे मिटले आणि ती कपाळाला टेकवली. ओठ हलले.

तात्याराव ताडकन उठले. कलम दोन! सरकारी जागा, सरकारी समारंभ, संचालक समोर. "मॅडम, वो... माफ कीजिए, मैंने बताया था उनको, विधि नहीं..."

मॅडमनी हात वर केला. त्या भीमाबाईंकडेच बघत होत्या.

"बैठिए, बाबूजी," त्या म्हणाल्या. "समारोह सरकार का है. माथा तो उनका अपना है."

तात्याराव बसले. इतकी वर्षं वाचलेल्या कागदांमध्ये इतकं सोपं वाक्य त्यांना कुठे मिळालं नव्हतं. हे लेखी मिळेल का, असं विचारावं असं त्यांना फार वाटलं. पण श्रीरंग दारातून त्यांच्याकडे अशा नजरेने बघत होता, की त्यांनी विचार सोडून दिला.

चहा आला. सहाव्या कलमाप्रमाणे हलका अल्पोपाहारही आला. विजयालक्ष्मी मॅडमनी डबा उघडला. आत नारळाच्या वड्या होत्या, वेलदोड्याच्या वासाच्या. तात्यारावांनी बायकोकडे बघितलं.

"सकाळी ओट्यावर फोडला," भीमाबाई म्हणाल्या. "माझ्या घरी. तिथं परिपत्रक येत नाही."

मामा दोन वड्या खाऊन वेळेत नमाजाला गेले. सरदारजींनी मिश्राजींना वडी दिली आणि मिश्राजींनी ती घेतली. चेतना मॅडमनी जाताना चार वड्या कागदात बांधून नेल्या. कागद त्याच परिपत्रकाचा होता, पण हे तात्यारावांना कोणी सांगितलं नाही.

पुढचे तेरा दिवस भीमाबाई रोज दुपारी तीन वाजता वाचनालयात जात. मुबीनाच्या शेजारची खुर्ची त्यांची. दाराशी एक वही होती, तात्यारावांनीच आखलेली: नाव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ. पहिले काही दिवस तात्याराव त्यांच्यासाठी सगळं भरत. मग नाव मुबीना टिंबांनी काढून देऊ लागली आणि भीमाबाई ते गिरवू लागल्या. तीस तारखेला ट्रक दाराशी उभा होता. श्रीरंग हाका मारत होता. भीमाबाईंनी वही पुढे ओढली आणि कोणी टिंबं न काढता, जीभ दाताखाली धरून, पूर्ण नाव लिहिलं. 'भीमाबाई'. अक्षरं ओळीवर बसली नव्हती, पण वाचता येत होती. येण्याची वेळ तात्यारावांनी भरली होती. त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे राहिलं. जाण्याची वेळ लिही."

भीमाबाईंनी पेनाला टोपण लावून ते वहीवर ठेवलं.

"आकडे कुठे शिकवलेत तुम्ही अजून?" त्या म्हणाल्या, आणि चपला घालायला बाहेर गेल्या.

तात्यारावांनी रिकाम्या रकान्याकडे बघितलं. नियमाप्रमाणे तो भरायला हवा होता. त्यांनी पेन उचललं, जरा वेळ तसंच धरलं आणि वही मिटून ठेवली.